प्रदर्शन मुंबईत, पण उतरायचे कुठे? : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

मुंबईच्या औद्योगिक प्रदर्शनांना पहिल्यांदाच निघालेल्या वाचकांची पत्रे या वेळी जास्त आली. त्यातली बहुतेक गोरेगावच्या बॉम्बे एक्झिबिशन सेंटरविषयी आहेत. रिक्षावाल्याला हे नाव सांगून उपयोग नाही. तिथे सगळे ‘नेस्को’ म्हणतात, आपणही तेच म्हणू.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमचे छोटे मशीन शॉप आहे. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी पोहोचायचे आणि प्रदर्शन बघून रात्री परतायचे, असा बेत आहे. सीएसएमटीपर्यंत जावे की आधीच उतरावे? – एक वाचक, कोल्हापूर

दादरला उतरा. नेस्को मुंबईच्या उत्तर भागात आहे आणि सीएसएमटी दक्षिण टोकाला, त्यामुळे सीएसएमटीला गेलात तर तेवढेच अंतर उलटे यावे लागते. दादरला मध्य आणि पश्चिम रेल्वेची स्थानके एकमेकांना लागून आहेत. तुमची गाडी मध्य रेल्वेच्या फलाटावर लागेल. मध्य रेल्वेचे फलाट ८ ते १४ आणि पश्चिम रेल्वेचे १ ते ७ आहेत. डिसेंबर २०२३ पूर्वी दोन्हीकडे १ पासून आकडे होते, म्हणून कोणी जुना नंबर सांगितला तर गोंधळू नका. पूल चढून पश्चिमेकडे या आणि गोरेगावचे तिकीट काढा. एक्स्प्रेसच्या तिकिटावर लोकलमध्ये बसू नका.

आता लोकल कोणती, तर गोरेगाव, मालाड किंवा बोरिवलीची धीमी. इंडिकेटरवर ‘एस’ म्हणजे धीमी आणि ‘एफ’ म्हणजे जलद. नवखा माणूस फसतो तो विरार जलद लोकलला. ती अंधेरीनंतर थेट बोरिवलीला थांबते आणि गोरेगाव खिडकीतून निघून जाते. शिवाय सकाळच्या वेळी त्या गाडीत चढण्याचा सराव नसेल तर चढूच नये. धीम्या गाडीला दहा-पंधरा मिनिटे जास्त लागतात, पण सकाळची मोठी गर्दी दक्षिणेकडे जाणारी असते. उत्तरेकडच्या धीम्या गाडीत अंधेरीनंतर निदान नीट उभे राहता येते.

गोरेगावला पूर्वेला बाहेर पडा. तिथून नेस्को सुमारे दोन किलोमीटर आहे. रिक्षा मीटरनेच करा. राममंदिर स्थानकही जवळ आहे. ते डिसेंबर २०१६ मध्ये जोगेश्वरी आणि गोरेगावच्या मध्ये सुरू झाले आणि तिथे फक्त धीम्या गाड्या थांबतात. प्रदर्शनाच्या दिवशी गोरेगावबाहेर रिक्षाची रांग लांबते, तेव्हा राममंदिर बरे पडते.

दुसरा मार्ग मेट्रोचा आहे. अंधेरीला उतरा. मेट्रो १ ने एकच स्थानक पुढे, वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेला जा. तिथून पादचारी पुलाने गुंदवली गाठा आणि मेट्रो ७ पकडा. मोगरा, जोगेश्वरी पूर्व आणि मग गोरेगाव पूर्व, म्हणजे तिसरे स्थानक. ते हायवेवरच नेस्कोजवळ आहे. गाड्या बदलाव्या लागतात खऱ्या, पण पावसाळ्यात आम्ही हाच मार्ग सुचवू, कारण हायवेवरच्या कोंडीशी त्याचा संबंधच येत नाही. ठाण्याला उतरणाऱ्यांनीही दादरला जाऊ नये. ठाण्याहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे आणि पुढे वरच्याप्रमाणे जावे.

मेट्रोतून उतरल्यावर जिना पश्चिमेचा घ्या. नेस्को हायवेच्या पश्चिमेला आहे आणि पूर्वेच्या जिन्याने उतरलात तर दहा पदरी रस्ता मध्ये येतो. तो खालून ओलांडण्याचा प्रयत्न कृपा करून करू नका, परत वर चढा.

रात्रीच्या प्रवासाची मोठी बॅग असेल तर ती प्रदर्शनात ओढत फिरू नका. रेल्वेच्या क्लोकरूममध्ये ठेवता येते, पण कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत आणि प्रवासाचे तिकीट मागतात. दहा-वीस रुपयांचे छोटे कुलूप घरूनच घेऊन निघा.

प्रश्न : सातपूरहून आम्ही चौघे गाडीने येणार आहोत. घोडबंदरने यावे की पवईमार्गे? – एक वाचक, नाशिक

पवईमार्गे. कारण वाहतुकीइतकेच दिशेचे आहे. घोडबंदर रस्त्याने आलात तर हायवेला उत्तरेकडून लागता आणि दक्षिणेकडे जाणाऱ्या, म्हणजे पूर्वेच्या बाजूने येता. नेस्को समोर दिसत असते, पण पलीकडे. मग पुढे जाऊन वळसा घ्यायचा आणि त्या वळशाला सकाळी सहज पाव तास जातो. गायमुखचा घाट अरुंद आहे, तिथे एखादा ट्रेलर बंद पडला की सगळाच बेत बिघडतो.

माजिवड्याहून ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेने मुलुंड पार करा. पुढे जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता धरा आणि पवईवरून येऊन वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेला उत्तरेकडे वळा. नेस्को डाव्या हाताला येते. या रस्त्यावर मेट्रो ६ चे काम चालू असल्याने पवईत गाडी रेंगाळते, हे धरूनच चला. मुलुंडच्या नाक्यावर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही.

संभाजीनगरकडच्या वाचकांसाठी एक भर. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण झाला आहे. इगतपुरीच्या घाटात वाचलेला वेळ पुढे खारेगाव आणि साकेत पुलावर जातो, म्हणून आमण्याला सकाळी सातच्या आत पोहोचेल अशा बेताने निघा.

पार्किंग पैसे देऊन मिळते, पण मोठ्या प्रदर्शनात ते अकराच्या सुमारास भरते. चौघांनाच यायचे असेल आणि सामान नसेल तर पंचवटी एक्स्प्रेसने ठाण्यापर्यंत येऊन वर सांगितलेला घाटकोपरचा मेट्रोमार्ग धरणे अधिक चांगले. चालवणारा माणूस प्रदर्शनात पोहोचेपर्यंत दमलेला असतो आणि त्याच पायांनी त्याला पुढे सहा तास हॉलमध्ये चालायचे असते.

प्रश्न : जाहिरातीत नुसते ‘मुंबई’ लिहिले आहे. प्रदर्शन गोरेगावलाच असते का? – एक वाचक, अकलूज

नाही, आणि ही चूक महागात पडते. केंद्राचे नाव आधी बघा. जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटर म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल, त्याला मेट्रो ३ चे बीकेसी स्थानक. वर्ल्ड ट्रेड सेंटर म्हणजे कफ परेड, तिथे मेट्रो ३ चे शेवटचे स्थानक आहे. सिडको एक्झिबिशन सेंटर नवी मुंबईत, वाशी स्थानकाजवळ. पुणे-सोलापूरकडून येणाऱ्याने वाशीच्या प्रदर्शनासाठी दादरपर्यंत जाण्याचे कारणच नाही, बस वाशीला थांबते. विमानाने येणाऱ्यांनी तिकिटावर विमानतळही तपासावा. आता सांताक्रूझ-अंधेरीकडचा जुना आणि पनवेलजवळचा नवी मुंबईचा, असे दोन आहेत. रिक्षा दक्षिणेला वांद्रे-शीवच्या पुढे चालत नाहीत, म्हणून कफ परेडला टॅक्सी किंवा मेट्रो.

प्रश्न : माझा मसाल्यांचा गृहोद्योग आहे, पॅकिंग मशीन बघायचे आहे. प्रवेश मोफत आहे असे कळले. दारात जाऊन नाव नोंदवले तर चालेल का? सोबत दहावीतला मुलगा असेल. – एक वाचक, चिपळूण

ताई, नोंदणी घरूनच करा. मोफत म्हणतात ते बहुधा आगाऊ ऑनलाइन नोंदणी करणाऱ्यांसाठी असते. दारात नोंदणी केली तर कित्येक ठिकाणी शुल्क लागते आणि रांगेत अर्धा-पाऊण तास जातो तो वेगळाच. नोंदणीनंतर आलेल्या क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. हजारो माणसे एका जागी जमली की मोबाइलचे नेटवर्क दारातच अडते आणि ई-मेल उघडत नाही. सोबत आधार किंवा दुसरे फोटो असलेले ओळखपत्र ठेवा.

मुलाचे मात्र आधी विचारून घ्या. व्यापारी प्रदर्शनांत बहुतेक ठिकाणी १८ वर्षांखालच्यांना आत सोडत नाहीत. हॉलमध्ये चालू यंत्रे, फोर्कलिफ्ट, उघड्या केबली असतात. नियम कडक आहे आणि दारात विनवणी करून तो शिथिल होत नाही.

व्हिजिटिंग कार्डे किमान ५० घ्या. कार्ड नसेल तर स्टॉलवरचा माणूस तुम्हाला नुसते बघायला आलेले समजतो आणि पत्रक हातात देऊन मोकळा होतो. कार्डावर व्यवसायाचे नाव, गाव, मोबाइल आणि असल्यास जीएसटी क्रमांक एवढे पुरे.

पॅकिंग मशीन बघायला जाताना तुमचाच मसाला बरोबर न्या. प्रत्येक प्रकाराचा पाव किलो, घट्ट झाकणाच्या डब्यात. मिरची पूड आणि गरम मसाला एकाच यंत्रातून सारखे पडत नाहीत. बारीक, तेलकट पूड नरसाळ्याच्या भिंतीला चिकटते आणि वजन कमी-जास्त होते. स्टॉलवर दाखवतात ते बहुधा साखर किंवा डाळ भरून, ती तर कुठल्याही यंत्रातून सुरेख पडते. आपली पूड टाकून ५० ग्रॅमची सलग वीस पाकिटे काढून मागा, ती वजनकाट्यावर ठेवा आणि सगळ्यात हलके नि सगळ्यात जड पाकीट लिहून ठेवा. पाकिटाच्या शिलाईत, म्हणजे सीलमध्ये, पूड अडकते का तेही बोटाने दाबून बघा. हवा सुटली तर ते पाकीट कोकणच्या दमट हवेत महिनाभरही टिकणार नाही.

आणखी एक. पहिल्या दिवशी सकाळी उद्घाटन आणि पाहुण्यांची वर्दळ असते, यंत्रेही अजून जुळवत असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आत गेलात तर पहिले दोन तास स्टॉलवरचा तंत्रज्ञ तुमच्याशी निवांत बोलतो. जेवण साडेबारापूर्वी उरका, एकनंतर खाण्याच्या दालनात उभे राहायला जागा नसते.

प्रश्न : कास्टिंगचे नमुने दाखवायला न्यायचे आहेत, दोन पेट्या, प्रत्येकी ३० किलो. ट्रेनने नेता येतील का? – एक वाचक, मिरज

स्लीपर किंवा थ्री-टियर एसीच्या तिकिटावर माणशी ४० किलो मोफत आहे, साध्या दुसऱ्या वर्गात ३५. दोघे असाल तर ६० किलो वजनाच्या हिशेबात बसते. अडचण लोकलची आहे. गर्दीच्या वेळी ३० किलोची पेटी घेऊन साध्या डब्यात चढणे शक्य नाही, सामानाचा वेगळा डबा असतो तिथे जा आणि सामानाचे तिकीट खिडकीवर विचारून काढा. मेट्रोत पेटी एक्स-रे यंत्रातून जाते. जड लोखंडी तुकडे, धारदार हत्यारे, थिनर किंवा स्प्रेचे डबे बघून ते पेटी अडवतात. दादरहून सरळ टॅक्सी केलेली बरी.

पण आमचे मत असे, की एवढे वजन नेऊच नये. एखादे कास्टिंग मधून कापून, घासून, आतला भाग दाखवणारे पाच-सहा किलोचे दोन नमुने न्या, बाकीचे फोटो आणि तपासणी अहवाल. छिद्रे नाहीत हे कापलेल्या तुकड्यातच दिसते. दारातून आत जाताना नमुन्यांची नोंद करून पास घ्या, नाहीतर तुमचाच माल बाहेर काढताना सुरक्षारक्षक अडवतो.

प्रश्न : आम्ही या वर्षी पहिल्यांदाच स्टॉल घेतला आहे, ३ बाय ३ मीटर. ८०० किलोचे यंत्र इचलकरंजीहून पाठवायचे आहे. कागदपत्रे आणि वेळ यांचे कसे बसवावे? – एक वाचक, इचलकरंजी

हा प्रश्न सविस्तर घेतो, कारण पहिल्या स्टॉलला होणारे बहुतेक नुकसान माल पोहोचताना होते.

कागद आधी. यंत्र विकायला नाही, दाखवायला जाते, म्हणून टॅक्स इन्व्हॉइस नको, डिलिव्हरी चलन करा. तीन प्रती काढा. मूळ प्रत माल घेणाऱ्याची, दुसरी वाहतूकदाराची, तिसरी तुमची. चलनावर वर्णन, एचएसएन कोड (जीएसटीसाठी मालाच्या प्रकाराचा क्रमांक), नग, किंमत आणि ‘प्रदर्शनासाठी, विक्री नाही’ असे स्पष्ट लिहा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात मालाची किंमत १ लाख रुपयांच्या वर असेल तर ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीसाठी जीएसटीच्या पोर्टलवर काढायचा कागद, लागते. परराज्यातून येणाऱ्यांना ही मर्यादा ५० हजार आहे. पोर्टलवर कारण निवडताना ‘एक्झिबिशन ऑर फेअर्स’ हा पर्याय आहे, तोच घ्या. माल घेणारा म्हणून स्वतःच्याच फर्मचे नाव, आणि पत्त्यात नेस्को, हॉल क्रमांक, स्टॉल क्रमांक.

ई-वे बिलाला २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. इचलकरंजी ते गोरेगाव अंतर त्याहून जास्त आहे, म्हणजे दोन दिवस. गाडीचा नंबर भरला की मुदत सुरू होते, म्हणून गाडी दारात लागल्याशिवाय नंबर भरू नका. गाडी बदलली तर नवा नंबर भरायला विसरू नका, अडवतात ते इथेच. परतीच्या प्रवासाला नवे चलन आणि नवे ई-वे बिल लागते. कोरी चलने आणि शिक्का बरोबर न्या. शेवटच्या संध्याकाळी कारखाना बंद असतो आणि कोणी फोन उचलत नाही.

वेळेचे म्हणाल तर आयोजकांच्या पुस्तिकेत स्टॉल ताब्यात देण्याचा दिवस आणि जड यंत्रे आत नेण्याची वेळ वेगवेगळी दिलेली असते. जड यंत्रे आधी जातात, कारण नंतर मधल्या वाटांवर गालिचा पडतो आणि फोर्कलिफ्ट आत सोडत नाहीत. मुंबईत सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते, त्यामुळे ट्रक पहाटेपूर्वी शहरात शिरेल असे बघा. यंत्र टेम्पोत मावत असेल तर उत्तम.

हॉलमध्ये स्वतःची क्रेन किंवा फोर्कलिफ्ट चालत नाही, आयोजकांनी नेमलेला माल हाताळणारा कंत्राटदार असतो. त्याला पेटीसह वजन, लांबी, रुंदी आणि उंची आठ दिवस आधी कळवा. नुसत्या यंत्राचे ८०० किलो आणि लाकडी पेटीसह ९५० झाले, तर दर बदलतो आणि फोर्कलिफ्टही बदलते. पेटीवर गुरुत्वमध्याची खूण लाल रंगाने दोन्ही बाजूंना करा. यंत्राचे तोंड पेटीत कुठल्या बाजूला आहे तेही बाणाने दाखवा. तीन मीटरच्या स्टॉलमध्ये उलटे उतरलेले यंत्र फिरवायला जागाच उरत नाही, आणि मागच्या पॅनेलला धक्का लागला तर भरपाई तुमच्याकडून जाते.

स्टॉलबरोबर सहसा पॅनेलच्या भिंती, नावाची पट्टी, एक टेबल, दोन खुर्च्या, काही दिवे आणि एक ५ अँपिअरचा पॉइंट मिळतो. त्या पॉइंटवर यंत्र चालत नाही. थ्री-फेज वीज आगाऊ मागवावी लागते आणि ती किलोवॉटवर मोजतात. साडेसात एचपीची मोटर म्हणजे सुमारे ५.६ किलोवॉट. त्यात पंप, पॅनेल, दिवे धरून ८ मागा. मोटर सुरू होताना सहापट-सातपट करंट ओढते. नेमके ६ किलोवॉट घेतले तर सुरू करतानाच ट्रिप होते, आणि समोर गिऱ्हाईक उभे असते. स्वतःचा एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप बंद होणारा स्विच), गळती झाल्यास वीज तोडणारा ब्रेकर, १० मीटर केबल आणि फेज उलटा-सुलटा तपासणारा मीटर बरोबर ठेवा. फेज उलटला तर पंप उलटा फिरतो आणि तेलाचा दाबच तयार होत नाही. यंत्र बिघडले म्हणून तासभर उघडून बसण्याआधी दोन वायरी बदलून बघा. यंत्राला दाबाची हवा लागत असेल तर किती बार (दाब) आणि किती सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) तेही वीज मागवतानाच लिहा.

शेवटच्या दिवशी यंत्र तिथेच विकले गेले तर टॅक्स इन्व्हॉइस आणि त्यावर ई-वे बिल करूनच बाहेर काढा. रिकामी लाकडी पेटी कुठे ठेवली, त्या पावतीचा फोटो काढून ठेवा. संध्याकाळी सगळ्यांना एकदम पेट्या हव्या असतात. सामान बाहेर काढण्याचा पास दुपारीच घ्या आणि परतीची गाडी रात्री नऊनंतर बोलवा. सहाला बोलावलेली गाडी गेटबाहेर तीन-चार तास उभी राहते आणि भाड्यात थांबण्याचे पैसे चढतात.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांना स्टॉलभाड्याचा काही भाग परत मिळवून देणारी केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाची योजना आहे. उद्यम नोंदणी हवी आणि अर्ज प्रदर्शनाच्या आधीच करावा लागतो. साकीनाक्याला त्यांचे मुंबई कार्यालय आहे, पुढच्या वर्षासाठी आत्ताच चौकशी करा.

प्रश्न : परतीची गाडी सीएसएमटीहून रात्री आहे. नेस्कोतून किती वाजता निघावे? प्रदर्शनाचा शेवटचा दिवस रविवार आहे. – एक वाचक, लातूर

गाडीच्या तीन तास आधी हॉल सोडा. गोरेगावहूनच सुटणारी हार्बरची सीएसएमटी लोकल घ्या. गाडी तिथून सुरू होत असल्याने बसायला जागा मिळते आणि तासाभरात सीएसएमटी येते. ही गाडी वडाळ्यावरून जाते, दादरला थांबत नाही, म्हणून ज्यांना दादरहून गाडी पकडायची आहे त्यांनी पश्चिमेची धीमी घ्यावी. सीएसएमटीला हार्बर लोकल १ किंवा २ नंबरवर लागते आणि लांबच्या गाड्या पलीकडच्या टोकाला. सामानासह चालायला दहा-पंधरा मिनिटे धरा.

रविवार आहे म्हणून आणखी एक सांगायला हवे. रविवारी देखभालीसाठी मेगाब्लॉक असतो, बहुधा सकाळी दहा-अकरा ते दुपारी तीन-चार. त्या वेळात हार्बरच्या गोरेगाव गाड्या बऱ्याचदा रद्द असतात. तुमच्या परतीपर्यंत ब्लॉक संपलेला असेल, पण सकाळी येताना तो आडवा येईल. कुठल्या मार्गावर ब्लॉक आहे ते शनिवारच्या वर्तमानपत्रात येते. मेट्रो ७ ला त्याची झळ लागत नाही. जून ते सप्टेंबरमध्ये मात्र तीन तासांचे चार करा. कुर्ला-शीवच्या पट्ट्यात रुळांवर पाणी साचले की हार्बर आणि मध्य दोन्ही रेंगाळतात. अशा वेळी गुंदवलीमार्गे मेट्रो १ ने मरोळ नाका गाठा आणि मेट्रो ३ ने थेट सीएसएमटीला उतरा. हा मार्ग ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू आहे.